कबुलीला दुभाषी

"तू ट्रान्सलेट करणार आणि ते फादर पापं ऐकणार? अलाउड आहे का यार हे?" गाडी पार्क करता करता मैत्रीण आसावरीने विचारलं.

"आहे. फक्त ऐकलेलं बाहेर कुणाला सांगायचं नाही," हिमानी म्हणाली आणि एकटीच आत गेली.

अर्विंग शहरातल्या या वृद्धाश्रमात फादर केर्न्स महिनाभर पडून होते. ते हिमानीच्या पीएचडीचे गाईड; ती त्यांना सर म्हणायची. नागपूरची मुलगी अमेरिकेत येऊन मध्ययुगातलं ख्रिस्ती तत्त्वज्ञान शिकते, हे इथल्या मराठी मंडळींच्या गळी काही केल्या उतरत नसे. सरांना त्यात काहीच नवल वाटलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी स्वतः संगमनेरकडच्या एका शाळेत वीस वर्षं गणित शिकवलं होतं.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत पक्षाघात झाला आणि सरांचं इंग्रजी गेलं. उरली ती मराठी, तीही डोळे मिटून, एका लयीत पुटपुटलेली. आश्रमात ती कुणालाच कळेना, म्हणून नर्सने हिमानीला बोलावलं. डॉक्टरांनी दोन दिवसांच्या वर आशा दिली नव्हती.

मनात उगवणारा शब्द कुठल्याच भाषेतला नसतो, असं सर वर्गात शिकवत. तो ना लॅटिन, ना ग्रीक. जिभेवर येतं ते त्याच्या अंगावरचं कापड. देवाला आतलाच शब्द ऐकू जातो. इतकं शिकवूनही आजारी पडण्यापूर्वी ते तिला म्हणाले होते, "जाण्याआधी एकदा मोठ्याने कबुली द्यायची आहे. ती राहायला नको." पापमुक्ती वगैरे हिमानीला पुस्तकातूनच ठाऊक. पण सरांची एवढी एक इच्छा राहून गेली असती तर ते तिला सहन झालं नसतं.

कबुली ऐकायला ह्यूस्टनहून सरांच्याच धर्मसंघातले फादर टॉबिन आले. सत्तरीचे, उंच. दारातच त्यांनी बूट काढले. नर्स दुभाष्याची ओळख करून देत होती, तेवढ्यात सर पुटपुटू लागले. टॉबिन त्यांच्यावर वाकले, मग मान वर करून काही बोलणार, तोच हिमानीने घाईघाईने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतायत, मला कबुली द्यायची आहे."

टॉबिननी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. नर्सला बाहेर पाठवलं, गळ्यात जांभळा पट्टा घातला आणि खुर्ची ओढून बसले.

"सांगा," ते इंग्रजीत म्हणाले.

सर थांबले की हिमानी बोले.

"वडील आजारी होते. मला घरी जाता आलं असतं. भावाला कळवलं, परवानगी मिळत नाही. खरं म्हणजे मोठ्या लोकांपुढे एक निबंध वाचायचा होता, तो सोडवेना. वडील गेले. सगळं भावाने एकट्याने केलं."

"त्याला अजून माहीत नाही?"

"नाही. उलट तोच धीर देत होता. म्हणाला, तुझा काय दोष." तिचा आवाज फुटला. तिला फार लाज वाटली. दुभाष्याने रडायचं नसतं.

टॉबिननी हात उचलून क्षमेचे शब्द म्हटले. "प्रायश्चित्त एकच. भावाला फोन करून खरं सांगायचं."

बोटही न हलवता येणाऱ्या माणसाला हे प्रायश्चित्त हिमानीला विचित्रच वाटलं. तरी तिने मान डोलावली. सर झोपी गेले होते, चेहरा निवांत होता. आपल्या हातून काम पार पडलं या विचाराने तिला हायसं वाटलं.

टॉबिन तिच्याबरोबर कॉरिडॉरमध्ये आले. तिने त्यांना थँक्यू म्हटलं.

"सतराचा पाढा म्हणत होते तुमचे सर," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "एकदाही चुकले नाहीत ते. भाऊ कुठे असतो तुमचा?"