अळंबीच्या दोन वाट्या

"अरे, ते पाणी ओतू नकोस!" ताई ओरडली, पण उशीर झाला होता. धाकट्या भावाने आपल्या सुपासाठीच्या सुक्या अळंबीचं भिजवणाचं पाणी मोरीत ओतून दिलं होतं.

"अगं, काळंकुट्ट होतं ते!"

"सगळा अर्क त्यातच असतो, शहाण्या."

कपाळाला हात लावण्याखेरीज ती काय करणार? अठरा वर्षं ती या खाणावळीत राबत होती. अळंबी उन्हात वाळवायची, गार पाण्यात भिजवायची, तळाशी बसलेली वाळू न हलवता पाणी फडक्यातून गाळायचं, चिवट देठसुद्धा उकळून घ्यायचे. मांस न खाणारे, आजारातून उठलेले, सगळे त्या सुपासाठी यायचे. धाकटा नोकरी गमावून पंधरा दिवसांपूर्वी घरी आला, आणि आता म्हणतो, ज्याचं सूप सरस, त्याच्या हाती स्वयंपाकघर! हा कुठला न्याय? तरी ती निर्धास्त होती.

वडिलांच्या जिभेला सगळा बाजार मानायचा. रोज सकाळी ते पातेल्यातलं चमचाभर चाखत आणि चाखताना लेकीच्या तोंडाकडे बघत.

"काय जीव आहे पोरीवर!" गिऱ्हाईकं म्हणत.

आत्याने दोन वाट्या वडिलांपुढे ठेवल्या. कोणाची कुठली, ते त्यांना सांगायचं नव्हतं. भोवती नेहमीची गिऱ्हाईकं जमली होती.

पहिली वाटी धाकट्याची. वडिलांनी घोट घेतला आणि लेकीकडे बघितलं. नेमकं तेव्हाच त्यांच्या पाठीमागे उभ्या धाकट्याने 'मेलो' म्हणून गळ्यावरून बोट फिरवलं. तिला खुदकन हसू आलं.

दुसरी तिची स्वतःची. आपल्याच हातच्या सुपाचं काय कौतुक करायचं, म्हणून तिने मान खाली घातली. वडील बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"पहिली," शेवटी ते म्हणाले. "दुसरीत काही दम नाही."

टाळ्या पडल्या. धाकटा तर बघतच राहिला.

भांडी घासताना आत्याने पहिल्या वाटीतलं उरलेलं चाखलं आणि थुंकून टाकलं. "शी! यात मीठसुद्धा नाही! जा, आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर सांग."

"काय सांगू?" ताई कुजबुजली. "आत्या, त्या तापानंतर तीन वर्षं बाबांना चवच कळत नाही. माझं तोंड बघून सांगतात रोज. आणि आज मी भलत्या वाटीला हसले."