बाहेरून कडी

"मग यांनी मला खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली," पडद्यावरची आई म्हणाली. खाली परक्या भाषेतली अक्षरं उमटली, आणि अंधारात कुणीतरी जोरात श्वास आत ओढला.

पहिल्या रांगेत बसलेल्या आईला मात्र हसू आवरेना. आता पुढची गंमत येणार होती. पायाला प्लास्टर असताना ती लाँड्री उघडायला निघाली होती, म्हणून नवऱ्यानं तिला कोंडलं होतं. मग तो स्वतः स्वयंपाकाला लागला, भात पार करपवला आणि खिडकीतून ताट आत सरकवत म्हणाला, "काळं तेवढं सोडून खा." ताटात काळ्याशिवाय काही नव्हतंच. घरी आलेल्या प्रत्येक माणसाला तिनं हा किस्सा ऐकवला होता. मुलाच्या कॅमेऱ्यासमोर सांगतानाही ती हसून हसून बेजार झाली होती.

पण पडद्यावर बंद दार आलं. बराच वेळ नुसतं दार. मग पाठमोरी ती, एकटीच चादरी वाळत घालताना. सिनेमा संपला.

"पुढचं कुठं गेलं रे?" तिनं शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं.

"नंतर सांगतो, आई." तो कोट सारखा करत उठलाही होता.

या परदेशातल्या महोत्सवात सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी होती. कॉफीच्या रांगेतल्या लोकांच्या हातात सिनेमाची कार्डं दे, दिसेल त्याला खेळाची वेळ सांग, सिनेमे विकत घेणाऱ्या चष्मेवाल्या साहेबाला वाटेत गाठ. त्याचं चीज झालं होतं. हॉल भरला होता, आणि तो साहेबही तिसऱ्या रांगेत येऊन बसला होता.

निवेदिकेनं दोघांना पुढं बोलावलं. मागून कुणीतरी प्रश्न विचारला.

"आई, त्या दाराबद्दल विचारताहेत," मुलगा म्हणाला. "दोन शब्द बोल. थोडक्यात."

बरं झालं, आईला वाटलं. राहिलेलं आता सांगता येईल. तिनं माईक हातात घेतला आणि काहीही थोडक्यात केलं नाही. प्लास्टरचा पाय ओढत कशी निघाली ते चालून दाखवलं. खिडकीतून आत आलेलं ताट दाखवलं. नवऱ्याचा जाडाभरडा आवाज काढून "काळं तेवढं सोडून खा" म्हणून दाखवलं. शेवटी तिचं तिलाच हसू फुटलं.

मग मुलानं माईक घेतला आणि ते त्यांच्या भाषेत सांगितलं. खालच्या आवाजात, थांबत थांबत.

आई लोकांचे चेहरे बघत राहिली. हसू कुठून सुरू होतंय ते तिला बघायचं होतं. कुणीच हसलं नाही. चष्मेवाल्या साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले. आणि मग सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

बाहेर, पोस्टर लावलेल्या भिंतीपाशी तिनं मुलाचा दंड धरला.

"काय सांगितलंस त्यांना?"

"तू म्हणालीस तेच. थोडं इकडंतिकडं."

"माझा हा किस्सा आजवर कधी पडला नाही."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "आई, ऐक. हसण्यासकटच पाठवला होता ना सिनेमा आधी. वर्षभर महोत्सवांना पाठवत होतो. सगळीकडून एकच उत्तर, गोड आहे. गोड म्हणायचं आणि परत करायचा. शेवटी कडीवर कापला, तर पहिल्याच फटक्यात आत. मी खोटं काही घातलेलं नाही. तूच म्हणाली आहेस ते."

"निघताना हे काय म्हणाले ठाऊक आहे? माझा भाग आला की लोक हसतात का, फोन करून सांग म्हणाले. आता काय सांगू?"

"हसले म्हणून सांग."

"आणि उद्या त्यांनी बघितला तर?"

"बाबांना कशाला दाखवायचा? आपल्याकडे लागणारच नाहीये तो," मुलगा म्हणाला. तिला धीर द्यावा तसं.

आईनं त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर आलेले त्याचे केस अगदी बापासारखे होते.

तेवढ्यात हॉलमधून एक उंच बाई आली आणि तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले. रडून तिचं नाक लाल झालं होतं. बोलता बोलता तिची नजर आईच्या मनगटावरच्या जुन्या, तिरक्या डागावर गेली आणि ती थांबली. अंगठ्यानं तिनं तो डाग हळूच चाचपला.

"इस्त्रीचा आहे म्हणावं," आई मुलाला म्हणाली. "दुकानातला. माझ्याच हातानं बसलेला."

मुलानं तोंड उघडलं. पण बाईच्या मागे चष्मेवाला साहेब येऊन उभा राहिला होता, खिशातून आपलं कार्ड काढत. मुलानं तोंड मिटलं.

तू नको सांगूस, आईनं मनात म्हटलं. तिनं एक हात सोडवून घेतला, मूठ वळली आणि हवेत इस्त्री फिरवून दाखवली. पुढे, मागे. मग मूठ डागावर टेकवून हात झटकन मागे घेतला आणि हसली. याला कसली आलीय भाषा.

बाईनं घाईघाईनं ती मूठ धरली. पुरे, पुरे, अशी मान हलवली. मग मुलाकडे वळून त्यांच्या भाषेतला एकच शब्द विचारला. मघाशी मुलाच्या बोलण्यात तो इतक्या वेळा आला होता की आईलाही आता तो ओळखू येत होता. म्हणजे बाबा.

मुलानं मान खाली घातली.