डावा मागचा सड

चार वर्षांत तपासनीस पहिल्यांदाच कुणाच्या गोठ्यात शिरत होता. दुधाचे नमुने त्याच्याकडे बाटल्यांतून येत आणि निकाल चिठ्ठ्यांतून परत जात. मधल्या माणसांशी गाठ पडू नये म्हणूनच त्याने हे काम पत्करले होते.

चार दिवसांपूर्वी व्यालेली गाय मान कुशीत घालून बसली होती. तिच्या कासेशी उकिडवी बसलेली जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, "आज बिळातून बाहेर? सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

"कालची चिठ्ठी चुकली," तो म्हणाला. वाटेत त्याने बरेच काही जुळवले होते. तोंडातून एवढेच निघाले.

गाईची मालकीण गव्हाणीला टेकून उभी होती. गोठ्यामागच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहत असे. "निरोगी असं लिहिलं होतंस की रे," ती म्हणाली. "म्हणून तर काल मी बाईंना बोलावलं नाही."

"मावशी, कासेत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात धावून येतात. त्या फार दिसल्या की आजार, कमी दिसल्या की निरोगी. काल मी फक्त पेशी मोजल्या. कमी भरल्या. आज तेच दूध काचेवर रंगवून पाहिलं, तर सगळीकडे जंतूच."

"मग पेशी कुठं होत्या?"

"आल्याच नव्हत्या. गाय नुकती व्यालेली असली, तर कधी कधी त्यांना उशीर होतो."

मावशी गाईच्या पाठीवरून हात फिरवू लागली. त्याला वाटले, रागावली असती तर बरे झाले असते.

डॉक्टरिणीने सुई काढून घेतली. "औषध दिलंय, पण नुसत्या औषधावर ही उठायची नाही. तिच्या अंगातूनच साथ मिळायला हवी. डावा मागचा सड दर अर्ध्या तासानं रिकामा करा. अंधार पडेपर्यंत पाणीच येत राहिलं, तर आशा धरू नका." आणखी दोन गोठे बाकी होते, ती निघून गेली.

"धार काढता येते?" मावशीने विचारले.

"नाही."

"दुधावर पोट भरतोस आणि धार येत नाही? बस इथं." तिने त्याची बोटे सडाभोवती नीट लावली. "अंगठा दुमडू नकोस. वरून आवळत खाली ये." तिचा तळवा खरखरीत होता. आपला हात हातात घेऊन कुणी काही शिकवल्याला किती वर्षे लोटली, हे त्याला आठवेना.

सड तापला होता, कास दगडासारखी घट्ट झाली होती. वाटीत पिवळसर पाणी येई, मावशी ते लांब नेऊन ओती, आणि पुन्हा दोघे गप्प बसत. दोघांनाही या गप्पपणाची सवय होती. फक्त तो दुसऱ्या कुणासोबत पाळण्याची नव्हती.

ऊन भिंतीवरून उतरले. सहाव्या खेपेला धारेसोबत एक पांढरा कण वाटीत पडला. मागून दुसरा, तिसरा.

मावशी खाली बसली. "गुठळ्या," ती म्हणाली. "संपलं. आता ही राहत नाही."

"नाही!" तो इतक्या मोठ्याने बोलला की गाईचा कान हलला. "मावशी, या त्याच आहेत. जंतूंशी झुंजून मेलेल्या पेशींच्या गुठळ्या. म्हणजे त्या पोचल्या."

तिने वाटी उचलली. "इतका उशीर करतात होय?" ती त्या कणांना म्हणाली, अगदी हळू, तक्रार करावी तशी.

तो पुढची धार काढू लागला. असले दूध ती आजवर नजरेआड नेऊन ओतत आली होती. आज ती दारातल्या उरल्यासुरल्या उजेडात वाटी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ उभी राहिली, आणि तिच्याने ती ओतवेना.