गाल फुगवा

"गाल फुगवा," डॉक्टर पंकजा मॅडम म्हणाल्या.

डॅनीने फुगवले. उजवा गाल टम्म झाला आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सगळी हवा फुस्सकन निघून गेली. त्याने पुन्हा दम भरला. पुन्हा तेच. शेवगावच्या बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवणारा माणूस, आणि त्याला गाल फुगवता येईना. आता बोला.

ऑपरेशननंतरची मानेवरची पट्टी नुकतीच काढली होती. जखम मात्र झकास भरली होती. डाव्या जबड्याखाली जन्मापासून एक भोक होतं, ते बुजलं होतं. ट्रम्पेट फुंकताना त्यातून पू झिरपायचा, बँडच्या लाल कोटाची कॉलर घाण व्हायची. गावाकडच्या डॉक्टरांनी ते गळू म्हणून कितीदा तरी फोडलं, मग टीबीची गाठ म्हणून गोळ्या चारल्या. नगरला पंकजा मॅडमनी त्यात निळं औषध सोडलं, ते कानातून बाहेर आलं. मानेपासून कानापर्यंत आत नळीच होती, आईच्या पोटातूनच आलेली.

"चेहऱ्याची नस त्या नळीला चिकटली होती," मॅडम म्हणाल्या. "फोडून फोडून सगळं एकजीव झालेलं. नळी काढताना नस दुखावली. तसं होऊ शकतं, हे मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं हुतं," डॅनी म्हणाला. "फुकता यील का पन?"

"जेवता येईल, बोलता येईल. ट्रम्पेटचं काही खरं नाही."

"पू तर थांबला ना, अवो," एस्तेर म्हणाली. बायको बिचारी धीर द्यायला बोलली, पण डॅनीला तिचाच राग आला. इतका की तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात बँडच्या मालकाचा, छगनशेठचा फोन आला. गिऱ्हाईक नाक मुरडतंय, बरा होऊनच ये, असं सांगून त्यांनीच त्याला इथं धाडलं होतं.

"झालं का रं समदं? लगीनसराई आली. तुझ्याबिगर कोन वाजवनार?"

डॅनीने ओठावरची लाळ पुसली.

"येतो, शेठ. पन मला खुळखुळा द्या. ती बारकी पोरं हलवत्यात, त्यो. त्याला फुकावं लागत न्हाई."

पलीकडे छगनशेठ पोटभर हसले. गडी चेष्टेवर आला म्हणजे बरा झाला, असं त्यांना वाटलं.