पट्टीची ऊब

यंत्रानं दाबून सपाट केलेल्या उताराच्या कडेनं चढताना कुमुदताईंच्या स्कीखालची केसाळ पट्टी सुटली आणि त्या मागे घसरून बदकन बसल्या. चढणीवर बर्फाला धरून ठेवते ती हीच पट्टी. सकाळी त्यांनी दोन्ही पट्ट्या बर्फावर उलट्या पसरून ठेवल्या होत्या, घरी पापड वाळत घालतात तशा. पट्टी स्कीला चिकटवणाऱ्या डिंकाला बर्फ लागला, तो आता नडला. दुसरीही सुटत आली होती.

डोक्यावरून लिफ्टच्या खुर्च्या झुलत चालल्या होत्या.

"आई, पुरे झालं," लेक वैतागली. "खाली जाऊ आणि सरळ लिफ्टनं वर येऊ."

कुमुदताईंनी दोन्ही पट्ट्या काढून बर्फ खरवडला. एक पट्टी घडी करून थेट स्वेटरच्या आत, अंगाला लावून धरली. गारठ्यानं त्यांचा श्वासच अडकला.

"शिकवणाऱ्यानं सांगितलंय, अंगाच्या उबेनं डिंक पुन्हा धरतो."

"आणि नाही धरला तर?"

"सातव्या महिन्यात झालीस तेव्हा ओंजळीत मावायचीस. दवाखान्यात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी एकच, तीही भरलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. तुला अशीच छातीशी बांधून बसले होते मी, जागची हलले नाही." त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "धरतो."

लेक थोडा वेळ लिफ्टकडे बघत राहिली. मग स्वतःच्या जॅकेटची चेन उघडून तिनं हात पुढे केला.

"दुसरी इकडे दे."