बंद पडलेली लिंक

भर दुपारी चिडीचूप घरात मॉडेम किरकिरला, तशी पहिलीतली रंजिता डोळे चोळत उठली आणि रेश्माच्या मांडीत येऊन बसली.

पोलादपूरच्या त्या घरी बसून रेश्मा एका मोफत सॉफ्टवेअरची मराठीतली मदतीची पानं सांभाळायची. त्यातली एखादी लिंक उघडेनाशी झाली, की मूळ पान लिहिणाऱ्याला ईमेल करून नवा पत्ता विचारायचा आणि उत्तर आलंच नाही तर लिंक काढून टाकायची, असा नियम होता. कितीतरी लिंका तिने अशा काढल्या होत्या. या एकीपाशी मात्र तिचा हात चालेना. लिंक गेली की लिहिणाऱ्याचं नावही तिथून जाणार होतं.

"काय झालं गो?" ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या सासूबाईंनी, बयाबाईंनी विचारलं.

"एक लिंक बंद पडलीय. सॉफ्टवेअर चालवणारे पुण्याचे लोक म्हणतात, लिहिणाऱ्याला विचारा, नाहीतर काढून टाका."

"मग टाक काढून. फुकटच्या कामात एवढा कसला जीव अडकलाय तुझा?"

रेश्माने कीबोर्ड पुढे ओढला. सगळ्यांना पाठवायची तेच तिने टाइप केलं, 'आपलं पान उघडत नाही. नवा पत्ता कळवाल का?' आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

रंजिता पडद्यावरचं नाव एकेक अक्षर लावत वाचत होती. "प्र... वी... ण."


"आई, बाबांना देवाघरी कॉम्प्युटर हाय का गो?"