काढलेला क्लच

डावा पाय गुडघ्यापासून गेल्यावर थावराने जुन्या पिकअपला वसमतच्या मिस्त्रीकडून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतला. क्लचचं पेडल काढून मिस्त्रीने तिथं पत्रा ठोकला. आज डोंगरकड्याचा चढ जमला तरच गाडी राहणार होती, नाहीतर बायको पारुबाई ती विकायला काढणार होती. म्हणून तीही शेजारी बसली.

अर्ध्या चढावर इंजिन नुसतंच गरजलं आणि गाडी मागे घसरली. थावराने ब्रेक दाबला. तीनदा तेच झालं.

"क्लच काहून दाबून राहिले? सोडा की!"

"येडी का काय! क्लच हाय कुठं? अन् दाबायला पाय तरी हाय का?"

पारुबाई खाली वाकली. दोन्ही हातांनी काहीतरी धरून ओढू लागली.

"हालून न्हाई राहिला," ती म्हणाली.

थावराला डाव्या घोट्याभोवती तिची बोटं जाणवली.